टाक गो!

बास्केटबॉलचा चाळीस मिनिटांचा सामना, मैदानावर दहा जणी आणि चेंडू एकच. सगळ्यांना सारखा वाटला तरी एकीच्या वाट्याला येणार चार मिनिटं. त्यातलाही काही वेळ चेंडू हवेत असतो, काही वेळ कुणाच्या तरी बोटांतून निसटून जमिनीवर घरंगळत असतो. म्हणजे धड चारसुद्धा नाहीत. उरलेली छत्तीस मिनिटं ती मुलगी कुठे धावते, कुणाला अडवते, कुणासाठी जागा करते, यावर संघ उभा राहतो किंवा कोसळतो. आणि या छत्तीस मिनिटांची नोंद कुठेच होत नाही.

अधिकृत गुणपत्रक प्रामाणिक असतं, पण त्याला फार थोडं दिसतं. कुठल्या नंबराने किती गुण केले, कुणाचे किती फाउल झाले, टाइमआउट कधी घेतला, संपलं. मी शिकवते त्या संघातली उंच मुलगी स्क्रीन लावते तेव्हा काय होतं बघा. पळत येऊन ती समोरच्या संघातल्या खेळाडूच्या वाटेत पाय रोवते, हात छातीशी घेते आणि खांबासारखी उभी राहते. ती खेळाडू येऊन तिच्यावर आदळते. तेवढ्या अर्ध्या सेकंदात आमची दुसरी मुलगी मोकळी सुटते, चेंडू घेते आणि बोर्डावरून अलगद आत टाकते. कागदावर तिच्या नंबरापुढे दोन गुण चढतात. जिच्या बरगडीत कोपर बसलं तिच्यापुढे कोरी रेघ.

म्हणून मी माझी वेगळी वही ठेवते. तिच्यात स्क्रीन असतात, रिबाउंडच्या वेळी समोरचीला पाठीवर अडवून धरलेलं असतं, हेल्पला कोण गेलं आणि कोण नुसतं बघत राहिलं ते असतं, आणि ज्या पासवर बास्केट झाली त्याच्या आधीचा पास कुणी दिला तेही असतं. विद्यापीठाच्या स्पर्धेत या वहीला काडीचीही किंमत नाही. मुली मात्र सामना संपला की आधी गुणफलकाकडे आणि मग माझ्या हाताकडे बघतात.

रात्री रोडपालीतल्या घरी, जेवणं उरकल्यावर, ही वही मी पुन्हा उघडते. आमच्या भागाची रात्र शांत नसते. स्टील मार्केटकडे जाणारे लांबलचक ट्रेलर कळंबोलीच्या रस्त्यांवर वळण घेताना उसासे टाकतात, लोखंडाची पानं एकमेकांवर आपटल्याचा आवाज दूरवर येतो. एका अंगाला तलाव आणि जुनं गावठाण, दुसऱ्या अंगाला सिडकोच्या सेक्टरांतल्या इमारती. वारा तळोज्याच्या कारखान्यांकडून फिरला की गॅलरीतून उठून खिडक्या लावून घ्याव्या लागतात. हा वास कसला, हे इथे राहणाऱ्याला विचारू नये. त्याला तो वर्णन करून सांगता येत नाही आणि विसरताही येत नाही. सरावाच्या वेळी तो आला तर मी धावण्याच्या फेऱ्या बंद करून फ्री थ्रो लावते. ४.६ मीटरवरून, दम न लागता, एकेकीने. प्रदूषणामुळे आमचे फ्री थ्रो सुधारले, असं मी एकदा गमतीने म्हटलं होतं. कुणी फारसं हसलं नाही.

संघ या भागासारखाच आहे, चार दिशांनी येऊन वसलेला. एक गावठाणातली, आगरी घरातली. एकीचे वडील स्टील मार्केटात माथाडी, मूळ गाव पाटणकडचं. एकीचे वडील पोलीस मुख्यालयात. एक ट्रान्सपोर्टवाल्या सरदारजींची. बेंचवर बसलेल्या मुली ओरडायला लागल्या की महाराष्ट्राचा अर्धा नकाशा ऐकू येतो. गावठाणातली ओरडते, "टाक गो!" पाटणची म्हणते, "टाक की गं!" तिसरी हिंदीत, "मार ना यार!" अर्थ एकच. जिच्या हातात चेंडू आहे तिने तो बास्केटकडे फेकावा. आणि जिच्या हातात चेंडू आहे ती तो फेकत नाही. ती पास देते.

एक सामना आम्ही असाच हरलो. संपल्यावर समोरच्या संघाचे प्रशिक्षक हात मिळवायला आले. वयाने मोठे, सज्जन गृहस्थ. म्हणाले, "मॅडम, तुमच्या मुली फार निःस्वार्थी खेळतात हो." मी आभार मानले. परतीच्या बसमध्ये ते वाक्य मला काट्यासारखं टोचत राहिलं, कारण ते खरं होतं आणि आम्ही त्याच कारणाने हरलो होतो.

आपल्याकडे घरात पाहुणे आले की ताटलीत शेवटी एक वडी उरते. ती कुणी घेत नाही. "तू घे," "नको, तू घे," "माझं झालं." सगळ्यांना हवी असते, आणि ती वडी तिथेच सुकते. आमच्या हातातल्या चोवीस सेकंदांतली शेवटची पाच सेकंदं मी वहीत पुन्हा वाचली तेव्हा मला ती ताटली दिसली. नियम असा की चेंडू ताब्यात आल्यापासून चोवीस सेकंदांत शॉट घ्यायचा. आमच्या सरावाच्या मैदानावर त्याचं घड्याळ नाही, ते मी तोंडाने मोजते. पाच म्हटलं की चेंडू उजव्या कोपऱ्यात, चार म्हटलं की वर्तुळाच्या टोकाला, तीनला डाव्या अंगाला, दोनला परत मध्ये. सगळ्या एकमेकींशी फार चांगल्या वागत असतात. एकला कुणीतरी घाईने, तोल सोडून, काहीतरी भिरकावते.

पास हा बास्केटबॉलमधला सद्गुण आहे, हे मीच त्यांना शिकवलं. पुस्तकात असतं, कोचिंगच्या शिबिरात असतं. मुलांच्या संघात तर पहिलं वर्ष त्यातच जातं. मुलगा चेंडू घेतो आणि जगाला विसरतो, त्याला आठवण करून द्यावी लागते की आणखी चौघे त्याच्या बाजूने खेळताहेत. मुलींच्या संघात मला उलट काम करावं लागतं, आणि ते अवघड आहे. स्वार्थ दिसतो, त्यावर बोट ठेवता येतं. निःस्वार्थीपणावर बोट कसं ठेवायचं? आणि घाबरून दिलेला पास आणि विचार करून दिलेला पास बेंचवरून हुबेहूब सारखेच दिसतात. दोन्ही छातीच्या उंचीवरून जातात, दोन्ही पोहोचतात, दोन्हींना टाळ्या मिळतात.

फरक मैदानावरच्या एकाच माणसाला बरोबर कळतो, तो म्हणजे समोर उभी असलेली बचावपटू. चेंडू हातात आल्यावर खेळाडूपुढे तीन वाटा असतात: शॉट, पास, ड्रिबल. गुडघे वाकलेले, चेंडू छातीच्या बाजूला, नजर बास्केटवर. या पवित्र्याला ट्रिपल थ्रेट म्हणतात. समोरचीला तिन्ही शक्यता धरून उभं राहावं लागतं, म्हणजे जवळ यावं लागतं. जवळ आली की तिच्या पाठीमागे जागा उघडते. पण एखादी मुलगी शॉट मारतच नाही, हे दोन-तीन वेळा दिसलं की समोरची तिला सोडून खुशाल दोन पावलं मागे सरकते. आता ती पासची वाट अडवू शकते, आत घुसणाऱ्या दुसरीला थोपवायला मदतीला जाऊ शकते. कागदावर आम्ही पाच विरुद्ध पाच. प्रत्यक्षात आमच्या चौघी त्यांच्या पाचजणींशी खेळत असतात. जी म्हणते, "मी नाही मारणार, तुम्ही मारा," ती उरलेल्या चौघींचं काम अवघड करून ठेवते. मुलींना हे सांगितलं की त्या गप्प होतात. आपला चांगुलपणा मैत्रिणींना महागात पडतो, हे पचायला जड जातं.

याचं सोपं उत्तर लोक लगेच देतात: घरी मुलींना मागे राहायलाच शिकवतात, मग मैदानावर वेगळं काय होणार? मला ते उत्तर अर्धवट वाटतं. आमची गावठाणातली मुलगी हळदीच्या रात्री सगळ्यांच्या पुढे नाचते, बसमध्ये खिडकीच्या जागेसाठी भांडते, कॉलेजच्या ऑफिसात फॉर्मसाठी रांगेतल्या मुलांना ढकलून पुढे जाते. मागे राहण्याचा तिचा स्वभाव नाही. गोष्ट बारीक आहे. चुकलेला शॉट एकटीचा असतो. चुकलेला पास दोघींचा. पास हुकला तर "तू वर दिलास," "तू पुढे यायला हवं होतंस," अशी त्याची वाटणी होते. शॉट रिमलाही न लागता खाली पडला तर ती वाटणी होत नाही. तो सगळ्यांनी पाहिलेला असतो.

आणि बघणारे भरपूर असतात. आमच्या सेक्टरातलं सिमेंटचं मैदान संध्याकाळी कधी रिकामं नसतं. एका कोपऱ्यात टेनिस चेंडूचं क्रिकेट, जाळीला टेकून आपला नंबर कधी लागतो याची वाट बघणारी पोरं, चालायला आलेले आजोबा, भेळेची गाडी. पोरं वाईट नाहीत. पण एअरबॉल गेला की जाळीपलीकडून एक लांबट आवाज येतोच. मुलांचा शॉट हुकला तरी येतो, पण मुलगा त्याला शिवी देऊन पुढचा शॉट मारतो. मुलगी पुढच्या वेळी पास देते. तिने शिकलेला धडा अगदी तर्कशुद्ध आहे. फक्त खेळाला मारक आहे.

मुलींच्या बास्केटबॉलचा इतिहास वाचताना मला याची एक विचित्र वंशावळ सापडली. जेम्स नायस्मिथने डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डला हा खेळ शोधला, आणि पुढच्याच वर्षी जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला. पण तिने नियम बदलले. मैदानाचे तीन भाग केले, प्रत्येकीने आपल्याच भागात राहायचं. चेंडू हिसकावायचा नाही. तीन सेकंदांपेक्षा जास्त धरायचा नाही, तीनपेक्षा जास्त वेळा टप्पा द्यायचा नाही. मार्च १८९३ मध्ये तिथे पहिला सामना झाला तेव्हा बाहेरच्या पुरुषांना आत प्रवेश नव्हता. बेरेन्सनचा हेतू बरा होता. मुलींना खेळायला मिळावं आणि डॉक्टरांनी, आयांनी, समाजाने ओरडू नये, म्हणून तिने खेळ सौम्य केला. त्यातून पुढे सहा विरुद्ध सहाचा खेळ तयार झाला. मध्यरेषेच्या एका बाजूला आपल्या तिघी फॉरवर्ड, दुसऱ्या बाजूला आपल्या तिघी गार्ड, आणि कुणीही रेषा ओलांडायची नाही. म्हणजे गार्डने चेंडू अडवायचा, पळवायचा आणि रेषेपलीकडे पोहोचवायचा. शॉट तिच्या नशिबातच नाही.

आयोवा राज्यात शाळेच्या मुली १९९३ पर्यंत असं खेळत होत्या. ओक्लाहोमात १९९५ पर्यंत. एखादी मुलगी शाळेची सगळी वर्षं बास्केटबॉल खेळली, बक्षिसं मिळवली, गावाची लाडकी झाली, आणि एकदाही बास्केटकडे चेंडू फेकला नाही, असं तिथे सहज घडू शकत होतं. तिच्यासाठी मैदानाच्या मधोमध पांढरी रेघ तरी होती. माझ्या मुलींसाठी तशी रेघ कुणी मारलेली नाही, आणि तरीही काहीजणी तिच्या अलीकडेच थांबतात.

त्याच आयोवात कॅटलिन क्लार्क वाढली. आयोवा विद्यापीठाकडून खेळताना तिने २०२४ पर्यंत ३,९५१ गुण केले. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वोच्च विभागात मुलगे धरूनही एवढे गुण कुणाचे नाहीत. तीन गुणांच्या रेषेच्याही कितीतरी मागून, मैदानाच्या मध्याजवळून ती शॉट मारायची. तिची चित्रफीत मी मुलींना मोबाइलवर दाखवली. एकीने विचारलं, "मॅडम, हुकल्यावर हिला कोणी बोलत नाही का?" मी तिला क्लार्कचे हुकलेले शॉटही दाखवले. ते भरपूर आहेत. जास्त उपयोग त्यांचाच झाला असावा.

मुंबईच्या बास्केटबॉलची गोष्ट सांगायला बसलं की बोट आपोआप नागपाड्याकडे जातं. मस्तान वायएमसीए, गल्लीतली मैदानं, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसीर. अभिमानाने सांगावी अशीच ती गोष्ट आहे, पण तिच्यात बाया शोधाव्या लागतात. माझ्या मुलींना मी पुण्याच्या शिरीन लिमयेचं नाव सांगते, आपल्याच भाषेतली मुलगी भारताकडून खेळली म्हणून. आणि चेन्नईच्या अनिता पॉलदुराईचं. एकोणिसाव्या वर्षी भारताची कर्णधार, आई झाल्यावर पुन्हा मैदानावर, २०२१ चा पद्मश्री. २०१७ मध्ये बेंगळुरूला आशिया कपच्या ब गटाच्या अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं. दोन गुणांनी. म्हणजे एक साधी बास्केट. ती कुणीतरी टाकली म्हणून हा सामना आज आठवतो.

अमेरिकन प्रशिक्षकांच्या गोष्टी मी मुलींना फार सांगत नाही. त्यांना वाटतं मॅडम स्वतःला कोण समजतात. पण पॅट समिट मला आवडते. १९७४ मध्ये बावीस वर्षांची असताना ती टेनेसी विद्यापीठाच्या मुलींची मुख्य प्रशिक्षक झाली. संघाची गाडी तीच चालवायची, गणवेश तीच धुवायची. निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावावर १,०९८ विजय होते. गणवेश धुण्यापर्यंतचं साम्य आमच्यात आहे. पुढचं नाही.

पावसाळ्यात आमचं मैदान दोन-तीन महिने पाण्याखालीच असतं. पनवेल-कळंबोलीचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला ही अतिशयोक्ती वाटणार नाही. आणि आंतरमहाविद्यालयीन सामने नेमके त्याच सुमाराला डोक्यावर येतात. मग आम्ही एका इमारतीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये सराव करतो, सेक्रेटरींच्या परवानगीने आणि रहिवाशांच्या कुरकुरीसह. तिथे बास्केट नाही. चेंडू आपटला की वरच्या मजल्यावरून आवाज येतो, म्हणून बऱ्याचदा चेंडूही नाही. नुसते पाय. खांबांना स्क्रीन समजून त्यांना खांदा घासत वळायचं, दुचाकींच्या मधून तिरकं कापत जायचं, आणि मोकळ्या जागेत पोहोचताच दोन्ही हात वर. चेंडू येणार नाही हे माहीत असून हात वर.

माझ्या वहीतला खरा घोळ मला या पार्किंगमध्ये सुटला. चेंडूविना धावणं म्हणजे त्याग, असं मुली समजत होत्या, आणि वहीत शाबासकी लिहून मीही त्याला खतपाणी घालत होते. पण खांबाला वळसा घालून हात वर करणारी मुलगी काय म्हणत असते? "मला दे." दर कट ही मागणी असते. स्क्रीन लावून झाल्यावर वळून बास्केटकडे पळणं, ज्याला पिक अँड रोल म्हणतात, तीही मागणीच: तुला मोकळं केलं, आता माझ्याकडे बघ. छत्तीस मिनिटं चेंडूशिवाय खेळायची ती चेंडू हवा असतो म्हणूनच. जिला तो नकोच आहे तिचं धावणं बचावपटूला लगेच ओळखू येतं; ती मागे जातही नाही. वहीत आता मी एक नवीन रकाना केलाय. मागितला का?

पोलीस मुख्यालयातले वडील सामना संपला की मुलीला एकच विचारतात, "किती टाकले?" आधी मला त्यांचा राग यायचा. आकड्यापलीकडचा खेळ त्यांना दिसत नाही म्हणून. आता तितका येत नाही. ते जाळीपलीकडे उभे राहून हसत नाहीत, तिच्याकडून गुणांची अपेक्षा करतात. या मैदानावर तिच्याकडून तेवढी अपेक्षा करणारे फार कमी आहेत.

सप्टेंबरात जमीन थोडी वाळल्यावर मी सरावाला नवा नियम लावला. चेंडू हातात आला की आधी बास्केटच्या रिमकडे बघायचं, मगच पास. न बघता पास दिला तर चेंडू समोरच्या बाजूला. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. माथाडीची मुलगी, आमची पॉइंट गार्ड, संघात सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत जास्त पास देणारी, तिने दहा मिनिटांत नियमातली फट शोधली. चेंडू आला की ती मान झटकन वर करायची, रिमकडे डोळे मोठे करून बघायची, अगदी नाटकी, आणि लगेच पास. सगळ्या हसायला लागल्या. "मॅडम, ही चीटिंग करते!" सरदारजींच्या मुलीने तक्रार केली.

मी शिट्टी तोंडाला लावली होती. तेवढ्यात पुढच्या खेपेला तिने पुन्हा तशीच मान वर केली, आणि तिला सोडून दोन पावलं मागे राहणारी गावठाणातली बचावपटू फसली. शॉट येतोय असं समजून तिने हात वर करून उडी मारली. तिच्या काखेखालून पास गेला, आत धावत आलेल्या मुलीला मिळाला, बोर्डावर आपटून आत. उडी मारलेली खाली आली ती चिडूनच. "तू टाकणार व्हतीस ना गो?"

"नव्हते," पॉइंट गार्ड म्हणाली. मग थोडा विचार करून, "पुढच्या वेळी कदाचित टाकेन."

हा नियम मोडला की पाळला, ते मला ठरवता येईना. चेंडू कुणाला द्यायचा म्हणून सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि जाळीपाशी उभी पोरं आता आमचा नंबर आहे म्हणून ओरडत होती. मी त्यांना आणखी दहा मिनिटं थांबायला सांगितलं आणि चेंडू पुन्हा पॉइंट गार्डच्या हातात दिला.